पाचवे कारण

मनुष्याच्या मनात जमाखर्चाची एक वही कायम उघडी असते. यश पदरात पडले म्हणजे ते 'आम्ही मिळविले' या सदराखाली मांडले जाते; अपयश आले म्हणजे ते 'आम्हांस मिळू दिले नाही' या सदराखाली जाते. वही जुनी आहे आणि घरोघरी तीच चालते, त्यामुळे तिच्यातील चलाखीकडे कोणाचे लक्ष जात नाही. परमुलखात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपणां मराठी मंडळींच्या घरी तर तिचे जाहीर वाचनही होते. रविवारी सकाळी चार स्नेही जमावेत, पोह्यांच्या बशा फिराव्यात आणि कोणाची बढती कोणी अडविली, कोणाची बदली कोणत्या कारस्थानाने झाली, याचा पाढा सुरू व्हावा, हा अनुभव दिल्लीस आहे तसाच हैदराबादेस आणि कोलकात्यासही आहे. त्या पाढ्यात खोटे फारसे नसते. तरीही तो ऐकताना त्यातून काहीतरी निसटते आहे असे वाटत राहते. काय निसटते, हे सांगण्यासाठी आम्ही एका परदेशी खेळाचा आधार घेणार आहो. खेळ अमेरिकेतला, त्याचे साधन प्लास्टिकचे, आणि त्याने उभा केलेला प्रश्न मात्र गीतेच्या अठराव्या अध्यायातला, असा हा योग आहे.

खेळाचे नाव डिस्क गोल्फ. गोल्फमध्ये काठीने चेंडू मारतात. येथे वीतभर व्यासाची, पावणेदोनशे ग्रॅमच्या आतबाहेर वजनाची चकती हाताने फेकतात. खळग्याच्या जागी जमिनीत रोवलेल्या खांबावर लोखंडी टोपली असते आणि टोपलीच्या वर साखळ्यांचा झुबका लोंबत असतो. चकती साखळ्यांवर आदळून टोपलीत पडली म्हणजे एक 'होल' संपला. असे बहुधा अठरा होल, आणि ज्याच्या एकूण फेकी सर्वांत कमी तो विजयी. पूर्वी लोक उडती तबकडी घेऊन उद्यानातील झाडाला किंवा दिव्याच्या खांबाला नेम धरीत, आणि मग नेम लागला की नाही यावर वाद घालीत. एड हेड्रिक या गृहस्थाने साखळ्यांची टोपली बसवून तो वाद मिटविला. १९७५ साली कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात या खेळाचे पहिले कायमचे मैदान झाले, पुढच्याच वर्षी खेळाडूंची संघटना निघाली, आणि १९७७ साली हेड्रिकला टोपलीचे पेटंट मिळाले. २००२ साली तो वारला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा चकत्यांच्या प्लास्टिकमध्ये मिसळण्यात आली. ही तऱ्हा आपल्या धर्मशास्त्रात बसणारी नाही. पण मेल्यावरही झाडांवर आदळत राहण्याची हौस ज्याला होती तो आपल्या खेळाचे मर्म ओळखून होता, यात संशय नाही.

मोकळ्या माळावरही हा खेळ होतो. तेथे मुख्य अडथळा वाऱ्याचा, आणि वारा थोडाफार सर्वांनाच लागतो. खेळाचे खरे स्वरूप रानात दिसते. काही वर्षांपूर्वी अटलांटा येथे मुलाकडे गेलो असता जॉर्जिया राज्यातील ॲपलिंग या गावाजवळचे असे एक रानातले मैदान आम्ही पायी फिरून पाहिले. तेथे एका विस्तीर्ण जलाशयाच्या काठी वाइल्डवुड नावाचे उद्यान आहे, आणि २००७ पासून या खेळाच्या संघटनेचे केंद्र त्याच उद्यानात आहे. मैदाने तीन, त्यांतील एकाला हेड्रिकचेच नाव दिलेले. लांबीने आणि कठीणपणाने नावाजलेले ते डब्ल्यू. आर. जॅक्सन मैदान. २०२२ च्या एप्रिलमध्ये चॅम्पियन्स कप ही मोठी स्पर्धा तेथेच खेळली गेली. गोल्फच्या मास्टर्स स्पर्धेचे ऑगस्टा शहर तेथून फार दूर नाही. पण त्या मखमली हिरवळीचा येथे मागमूस नाही. तांबडी माती, पायाखाली पाइनच्या सुयांचा घसरता थर, आणि दोन्ही बाजूंना सरळसोट खोडांची दाटी. त्या दाटीतून एक अरुंद वाट काढलेली असते. चकतीने त्या वाटेने जावयाचे, आणि वाट तर पुढे कोठे डावीकडे, कोठे उजवीकडे वळलेली. टोपली बहुतेक वेळा पहिल्या फेकीच्या जागेवरून दिसतही नाही. लांबच्या होलवर पहिली फेक टोपलीसाठी नसतेच. ती पुढच्या वळणावरच्या थोड्याशा मोकळ्या जागेसाठी असते. तेथे चकती पडली तरच दुसऱ्या फेकीला तोंड फुटते. चार हात अलीकडे राहिली तर पुढे वाट नाही, नुसती भिंत.

या खेळाडूंत एक थट्टा प्रचलित आहे, की झाड म्हणजे नव्वद टक्के हवा. रानात चकती फेकणाऱ्याला उरलेल्या दहा टक्क्यांची प्रचिती किती वेळा येते ते पाहण्यासारखे आहे. त्या दिवशी आमच्यापुढे दोन खेळाडू एका होलवर आले. पहिल्याची फेक आमच्यासारख्या अनभिज्ञालाही सुरेख वाटली. उंची योग्य, वेग योग्य, चकती वाटेच्या मधोमध निघाली आणि जेथे वळावयास पाहिजे तेथेच वळू लागली. इतक्यात वरून खाली आलेल्या बोटाएवढ्या एका फांदीला तिची कड निसटती लागली, आणि ती फिरून डावीकडच्या झुडपांत जाऊन पडली. तेथून बाहेर येण्यात एक फेक गेली, जवळ येण्यात दुसरी, टोपलीत टाकण्यात तिसरी. एकूण चार. दुसऱ्याची चकती हातातून सुटली तीच वाकडी. ती सरळ एका जाड खोडावर आदळली, ताडकन आवाज झाला, आणि उसळी खाऊन वाटेत, टोपलीपासून पाचसहा पावलांवर येऊन थांबली. एकूण दोन. तो खेळाडू हसला आणि पुढे जाताना त्या खोडावर त्याने प्रेमाने थाप मारली. पहिला काही बोलला नाही. गुणपत्रकावर एकाच्या नावापुढे चार आणि दुसऱ्याच्या नावापुढे दोन असे आकडे पडले. फांदीचा किंवा खोडाचा उल्लेख करण्यास गुणपत्रकात जागा नसते.

आता प्रश्न असा, की त्या दोघांत चांगले कोणी केले?

नीतिशास्त्राचे एक मोठे घराणे याला तत्काळ उत्तर देईल. कांटने १७८५ साली लिहिलेल्या आपल्या नीतिविषयक ग्रंथाच्या आरंभीच असे प्रतिपादन केले, की सदिच्छेचे मूल्य तिच्या फळावर अवलंबून नाही. निसर्गाने सावत्र आईसारखी वागणूक देऊन तिला पंगू केले, सारे प्रयत्न करूनही तिच्या हातून काही साधले नाही, तरी ती रत्नासारखी स्वतःच्या तेजाने चमकत राहते. या न्यायाने पहिल्याचे काम उत्तम आणि दुसऱ्याचे वाईट. चार आणि दोन हे आकडे नीतीच्या दृष्टीने अर्थशून्य. हे उत्तर उदात्त आहे. अडचण एवढीच, की जगात ते कोणीही पाळीत नाही. कांटच्या पंचवीसएक वर्षे आधी, १७५९ साली, ॲडम स्मिथने ही विसंगती नेमकी हेरली होती. तत्त्व म्हणून विचारले तर प्रत्येक जण म्हणतो की दैवगतीने झालेल्या परिणामांवरून माणसाची पारख करू नये. प्रत्यक्ष प्रसंग आला की प्रत्येक जण परिणामांवरूनच पारख करतो. आमच्या काळाला जवळचे उदाहरण द्यावयाचे तर १९७६ साली बर्नर्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल या दोन तत्त्ववेत्त्यांनी हाच वाद पुन्हा ऐरणीवर घेतला. नेगेलचा दाखला असा: दोन मोटारचालकांनी सारख्याच निष्काळजीपणाने ब्रेक तपासले नाहीत. एकाच्या वाटेत मूल आले, दुसऱ्याच्या आले नाही. निष्काळजीपणा समान; पण एक जण जन्मभर मनुष्यवधाचे ओझे वाहतो आणि दुसरा रात्री घरी जाऊन जेवतो. आपण दोघांना एकाच मापाने मोजतो काय? मोजीत नाही, आणि मोजू नये असेही आपणांस मनातून वाटते.

स्मिथचा एक मुद्दा मात्र आम्हांस विशेष मोलाचा वाटतो, कारण तो गुणपत्रकाची बाजू घेतो. तो म्हणतो, ही विसंगती माणसाच्या हिताचीच आहे. परिणामांकडे न पाहता केवळ अंतःकरणातील हेतूंवर निवाडा द्यावयाचा ठरविले, तर प्रत्येक न्यायालय धर्मगुरूंचे छळगृह बनेल. कोणाच्या मनात काय होते हे खणून काढण्याचा अधिकार ज्याला मिळाला, त्याच्या जुलमाला सीमा राहणार नाही. ज्यांनी कचेऱ्यांत आयुष्य काढले त्यांना हे पटवून देण्याची आवश्यकता नाही. 'काम झाले नाही, पण हेतू चांगला होता' असे म्हणणारा वरिष्ठ हवासा वाटतो खरा. परंतु 'काम चोख झाले, पण हेतू शुद्ध दिसत नाही' असे म्हणणारा वरिष्ठ त्याच गादीवर बसणार आहे. आकड्याचा थंडपणा हे कित्येक वेळा दुबळ्याचे संरक्षण असते. तेव्हा गुणपत्रक फाडून टाका, असा सल्ला आम्ही देणार नाही. चार ते चार आणि दोन ते दोन. गुणपत्रकाने आपले काम केले. घोटाळा त्यानंतर, ते वाचणाऱ्याच्या मनात होतो.

येथे आम्हांस गीतेचा तो विवेचनाचा भाग आठवतो. अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या क्रिया, आणि पाचवे दैव. हे पाचही असता केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याची बुद्धी संस्कारहीन आहे, असा निर्वाळा लगेच पुढे दिला आहे. खेळाला हे जसेच्या तसे लागू पडते. शरीर आहे, फेकणारा आहे, चकती आहे, हाताची आणि कमरेची हालचाल आहे. आणि पाचवी ती बोटाएवढी फांदी. पण 'दैव' हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे फांदीच का येते? खोड का येत नाही? मराठीत दैव बहुधा घात करते, आड येते, पाठ फिरविते. 'दैव देते आणि कर्म नेते' ही म्हण आहे खरी. परंतु ती आपण दुसऱ्याबद्दल वापरतो, स्वतःबद्दल क्वचित. या ठिकाणी शंकराचार्यांचे भाष्य उघडून पाहावे. दैव या पदाचा अर्थ त्यांनी आदित्यादी देवता असा केला आहे, आणि त्या देवता कशा, तर नेत्रादी इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या. डोळा पाहतो, पण सूर्य आहे म्हणून पाहतो. म्हणजे भाष्यकारांच्या मते पाचवे कारण हे मुळात साहाय्यकर्ते आहे. आपण ज्याला पाहणे म्हणतो त्यात दर क्षणी कोणा दुसऱ्याचा उजेड खर्च होत असतो. आणि उजेड हा असा, की असेपर्यंत तो दिसत नाही, गेला म्हणजेच त्याची आठवण होते.

रानात फिरताना हेच प्रत्ययास येते. खेळाडूंना जेवणाच्या वेळी ऐकावे. ज्या फांद्यांनी घात केला त्या प्रत्येकीची वंशावळ त्यांना पाठ असते: सातव्या होलवरची वाकडी, बाराव्याच्या वळणावरची वाळकी. ज्या खोडांनी चकती परत वाटेत टाकली त्यांचे मात्र नाव निघत नाही. ज्या शेकडो पानांच्या आणि काटक्यांच्या अगदी कडेने चकती सुखरूप निघून गेली, त्यांचा तर विचारही कोणाच्या मनात येत नाही, कारण तेथे काही घडलेच नाही. शाय डेव्हिदाय आणि टॉमस गिलोविच या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात या वृत्तीचा मागोवा घेतला आहे. समोरचा वारा दर पावलाला जाणवतो, कारण त्याच्याशी झगडावे लागते; पाठीवरचा वारा थोड्याच वेळात विसरला जातो. त्यामुळे आपल्या वाट्याला इतरांपेक्षा अधिक अडथळे आले, असे बहुतेकांस प्रामाणिकपणे वाटते. प्रामाणिकपणे, हे महत्त्वाचे. रविवारच्या बैठकीतील पाढ्यात खोटे नसते असे आम्ही वर म्हटले ते याच अर्थाने. फांद्यांची यादी बिनचूक असते. खोडांची यादी केलेलीच नसते.

ती करावयास बसलो तर कोठवर जाईल, याचा अंदाज करून पाहण्यासारखा आहे. तालुक्याच्या गावातला मुलगा पुण्यास शिकावयास आला तेव्हा कोणा दूरच्या मावशीने सदाशिव पेठेतील आपली माडीवरची खोली त्याला दिली. परीक्षेस बसला त्याच वर्षी जागा जास्त निघाल्या. मुलाखतीच्या आदल्या दिवशी वर्तमानपत्रात जे वाचले नेमके तेच विचारले गेले. पहिली नेमणूक झाली त्या जिल्ह्यात आधीच्या अधिकाऱ्याने दोन वर्षे राबून विहिरींची कामे अर्ध्यावर आणून ठेवली होती. ती पुरी झाली ती याच्या कारकीर्दीत, आणि कोनशिलेवर नाव याचे लागले. यात याचे कर्तृत्व नव्हते असे नाही. माडीवरच्या खोलीत रात्र रात्र जागला तो हाच. पण तितकीच जागरणे करणारा दुसरा एक मुलगा त्याच गावात होता आणि त्याला मावशी नव्हती. तो आज कोठे आहे हे कोणास ठाऊक नाही; आणि ठाऊक नाही, म्हणूनच तो पाढ्यात येत नाही.

येथे एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. सारेच जर पाचव्या कारणावर लोटले तर आळशाला चांगले निमित्त सापडेल, आणि कष्टाळूचा हात ढिला पडेल. लांब मैदान या आक्षेपाला अर्धे उत्तर देते. एका होलवर काय होईल ते सांगता येत नाही. पण अठरा होलांत, आणि तीनचार दिवसांच्या स्पर्धेत, चकती इतक्या झाडांपुढून जाते की बऱ्यावाईट उसळ्या पुष्कळ अंशी एकमेकींना मारून टाकतात. २०२२ ची ॲपलिंगची स्पर्धा टेनेसीच्या क्रिस डिकर्सनने जिंकली. रानातल्या मैदानांवरचा वाकबगार खेळाडू म्हणून त्याची ख्याती आधीपासूनच होती. झाडे जर केवळ सोडतीच्या चिठ्ठ्या असत्या, तर रानातला वाकबगार असा कोणी राहिलाच नसता. वाट निवडणे, वेग आवरणे, जेथे चूक झाली तरी निभावेल अशा अंगाला चूक होऊ देणे, हे चार कारणांचे क्षेत्र आहे आणि ते लहान नाही.

उत्तर अर्धे म्हणण्याचे कारण असे, की आयुष्याचे मैदान तितके लांब नसते. फेकी थोड्या, आणि त्यांतल्या दोनतीनच निर्णायक. २०२१ च्या जूनमध्ये उटाह राज्यातील ऑग्डेन येथे या खेळाची जागतिक स्पर्धा झाली. अखेरच्या होलवर पॉल मॅक्बेथ हा पूर्वी पाच वेळा जगज्जेता झालेला खेळाडू एका फेकीने पुढे होता. त्याचा प्रतिस्पर्धी जेम्स कॉनराड टोपलीपासून २४७ फुटांवर, म्हणजे सुमारे पाऊणशे मीटरवर उभा. आणि बरोबरी साधावयाची तर तेथून सरळ टोपलीत टाकण्यावाचून दुसरा उपाय नव्हता. त्याने फेक केली आणि ती साखळ्यांत जाऊन बसली. बरोबरी झाली, ज्यादा होल खेळविण्यात आला, आणि कॉनराड जगज्जेता झाला. त्या फेकीचे चलच्चित्र ज्यांनी पाहिले असेल त्यांना ती आंधळी फेक वाटणार नाही; वर्षानुवर्षांचा अभ्यास तिच्यात दिसतो. पण तीच चकती हातभर बाजूने गेली असती तर? फेक तितकीच कौशल्याची राहिली असती, टाळ्याही पडल्या असत्या, आणि इतिहासात मॅक्बेथचे नाव लागले असते. मॅक्बेथने पुढच्याच वर्षी आपले सहावे अजिंक्यपद मिळविले. त्याला पुढचे वर्ष मिळाले. पुष्कळांना मिळत नाही.

आणखी एक गोष्ट आम्हांस याहून महत्त्वाची वाटते, आणि ती अधिकाऱ्यांच्या वाचनात येणाऱ्या मासिकातच सांगण्यासारखी आहे. रान आपोआप उगवते. वाट कोणीतरी कापलेली असते. या खेळात मैदान आखणारांचे एक शास्त्रच तयार झाले आहे, आणि त्यात रानातल्या होलवर बराच खल झालेला आहे. ज्या होलवर उत्तम फेकीला जाण्यासाठी निश्चित अशी वाटच नाही, जेथे झाडांच्या दाटीत चकती भोसकावयाची आणि देवाचे नाव घ्यावयाचे, अशा होलला तेथील लोक तुच्छतेने 'पोक अँड प्रे' म्हणतात. असा होल कठीण असतो, पण न्याय्य नसतो. कारण तो चांगल्या आणि वाईट फेकीत भेद करीत नाही. दुसरे एक सूक्ष्म वैगुण्य. उजव्या हाताने नेहमीच्या पद्धतीने फेकलेली चकती वेग संपताना डावीकडे झुकते. म्हणून मैदानातील बहुतेक वाटा डावीकडे वळणाऱ्या केल्या तर उजव्या हाताच्या माणसाला ते मैदान सोपे जाते, आणि डावखुऱ्याला दिवसभर झाडे लागतात. डावखुऱ्याला वाटते आज दैव फिरले. वस्तुतः दैवाचा तेथे काहीही संबंध नसतो. आखणाऱ्याने आपल्या हाताकडे पाहून वाटा काढलेल्या असतात, इतकेच. ज्याला खालचा माणूस नशीब म्हणतो ते वरच्याच्या कुऱ्हाडीचे काम आहे, असे आपल्या समाजात किती ठिकाणी निघेल, याची मोजदाद करण्यास हा लेख पुरणार नाही. जातीच्या नावाने ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या 'हे तुमचे प्राक्तन' असे ऐकविले गेले, त्यांच्या वाटेतली झाडे पाचव्या कारणाने उगवलेली नव्हती. ती लावलेली होती, आणि त्यांना पाणीही घातले जात होते.

सरकारी अधिकारी रविवारी खेळाडू असतो आणि सोमवारी मैदान आखणारा. बैठकीत तो आपल्या फांद्या मोजतो; कचेरीत त्याच्या सहीने दुसऱ्यांच्या वाटा निघतात किंवा बुजतात. अर्जाची शेवटची तारीख पेरणीच्या आठवड्यात ठेवली, दाखला तालुक्याच्या ज्या कचेरीत मिळतो तेथे एस.टी. दुपारी दोननंतर पोचते आणि खिडकी एक वाजता बंद होते, नमुना ज्या भाषेत छापला ती अर्जदाराला वाचता येत नाही. परत गेलेली म्हातारी बाई म्हणते, माझ्या नशिबातच नव्हते. तिचे हे वाक्य जितक्या वेळा ऐकू येईल तितक्या वेळा आखणाऱ्याने खिडकीबाहेर येऊन मैदान पायी फिरून पाहावयास हवे. चांगले आखणारे तेच करतात असे म्हणतात. नकाशावरून वाट कापीत नाहीत, चकती हातात घेऊन स्वतः फेकून पाहतात, डाव्या हातानेही. झाडे वाढतात, वादळाने पडतात, म्हणून हे एकदा करून भागत नाही. २०२४ च्या सप्टेंबरात हेलेन चक्रीवादळाने ऑगस्टाच्या परिसरात असंख्य झाडे उन्मळून टाकली. अशा रानात जुनी वाट कोणती आणि नवी कोणती, हे पुन्हा पहिल्यापासून ठरवावे लागते.

आता गुणपत्रकाकडे शेवटचे वळू. आपल्या नोकरीतील गुणपत्रक म्हणजे वार्षिक अहवाल. पूर्वी तो गोपनीय असे. प्रतिकूल शेरा तेवढा कळवीत, बाकीचा वर्षानुवर्षे कुलपात. २००८ साली देव दत्त यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, चांगला असो वा वाईट, प्रत्येक शेरा ज्याचा त्याला कळविला पाहिजे असा निर्णय दिला, आणि त्यानंतर केंद्राच्या सेवांत गोपनीय अहवालाच्या जागी कार्यमूल्यमापन अहवाल आला. वरिष्ठाच्या लेखणीवर त्यामुळे काही अंकुश बसला, हे चांगलेच झाले. परंतु केंद्र सरकारच्या कित्येक सेवांत हा अहवाल ज्या छापील नमुन्यावर भरतात, त्यातील स्वतः अधिकाऱ्याने भरावयाचा भाग आमच्या वाचकांनी एकदा या दृष्टीने पुन्हा पाहावा. उद्दिष्टांपैकी जे साधले नाही ते लिहा, आणि ते साधण्यात कोणत्या अडचणी आल्या ते सांगा, असे एके ठिकाणी विचारलेले आहे. लगेच पुढे, अपेक्षेहून विशेष अधिक जे साधले ते लिहा, आणि त्यात तुमचा वाटा कोणता ते सांगा, असे विचारलेले आहे. अपयशाला अडचणी आणि यशाला वाटा! मनातली ती जुनी वही सरकारने जशीच्या तशी छापून दरवर्षी आपल्या हाती ठेवली आहे.

पहिल्या रकान्यात पूर, टंचाई, रिक्त पदे, उशिरा आलेले अनुदान यांची नोंद आपण सर्वच करतो, आणि ती खरी असते. दुसऱ्या रकान्यात 'यंदा पाऊस वेळेवर झाला, आणि माझ्या आधीच्या अधिकाऱ्याने विहिरी अर्ध्यावर आणून ठेवल्या होत्या' असे लिहिलेला अहवाल अद्याप आमच्या पाहण्यात आलेला नाही. तसे लिहिल्यास कोणता शेरा पडतो, हे कोणा वाचकास अनुभवाने ठाऊक असल्यास त्याने अवश्य कळवावे.